डावीकडचा ब्रेक

पाच रस्ते जिथे एकमेकांना येऊन मिळतात तिथे मधोमध एक मोठा गोल आहे. आत कोरडं पडलेलं कारंजं, कडेने खुरटलेली झुडपं आणि कोणीच बसत नाही असं एक बाकडं. चौकाला नाव आहे, पण ते पाटीपुरतं. सगळे त्याला नुसतं ‘गोल’ म्हणतात, आणि हातात स्टिअरिंग धरणाऱ्या प्रत्येकाचं त्या गोलाबद्दल एक ठाम मत आहे.

बसचा ड्रायव्हर म्हणतो, “गोलात नियम नसतो, वजन असतं. ज्याचं जास्त, तो पुढे.” टॅक्सीवाला म्हणतो, “समोरच्याच्या डोळ्यात बघायचंच नाही. बघितलं की आपण थांबलो म्हणून समजा.” शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाई गोल टाळण्यासाठी रोज दोन गल्ल्यांचा वळसा घेतात आणि वर तोच रस्ता जवळचा असल्याचं सांगतात. आत जो फिरतो आहे त्याला आधी जाऊ द्यायचं, हा खरा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. फक्त तो दुसऱ्यांसाठी केलेला आहे अशी प्रत्येकाची समजूत आहे.

मास्तरांचं मत या सगळ्यांवर ताण होतं. बावीस वर्षं ते लोकांना गाडी शिकवत आले होते. “आधी नाक घालायचं, मग गाडी,” ते सांगत. “नाक दिसलं की समोरचा आपोआप थांबतो. तुम्ही थांबलात की संपलात!” अर्धं गाव हे वाक्य ऐकूनच लायसन्सपर्यंत पोचलं होतं.

त्यांची गाडी जुनी, पांढरी. शिकवणीच्या गाड्यांना असतात तशी तिला डावीकडेही क्लच आणि ब्रेकची पेडलं होती. उजवीकडच्या पेडलांना ती लोखंडी दांड्यांनी जोडलेली, त्यामुळे एकीकडचं दाबलं की दुसरीकडचंही खाली जायचं. डावीकडची सीट, म्हणजे मास्तरांची, गंजून पार मागे अडकली होती. सात वर्षांत ती तसूभर हलली नव्हती. मास्तर ताडमाड उंच असल्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

त्या हिवाळ्यात साडेसहाच्या बॅचला एक मुलगी आली. नुकतीच एका छापखान्यात नोकरीला लागलेली. फॉर्मवरचं आडनाव वाचून मास्तरांचा हात थबकला.

“आईला तुम्हीच शिकवलं होतं ना, सर?” ती म्हणाली. “म्हणून मलाही तुमच्याकडेच शिकायचंय. मी मात्र थांबायला शिकणार. बाबांना तसा शब्द दिलाय.”

मास्तर नाही म्हणू शकले असते. बॅच भरली आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी मुकाट्याने फॉर्मवर सही केली; न बोलण्याची त्यांना तोवर सवय झाली होती.

तिची आई दोन वर्षांपूर्वी याच गाडीत शिकली होती. शिवणकाम करायच्या त्या. बुटक्या, हसऱ्या. उजवीकडची सीट पार पुढे ओढूनही त्यांच्या पाठीला उशी लागायची. गाडीत बसल्या की चपला काढून सीटखाली नीट जोडून ठेवायच्या आणि अनवाणी चालवायच्या. “मशीनची सवय, सर. पायाला कळल्याशिवाय मला काही जमत नाही.” पाय खरंच हलका होता त्यांचा. गाडी उभी असली की टाच मॅटवर टेकवून त्या चवडा हलवत राहायच्या... टक टक, टक टक... मशीनवर बसल्यासारख्या.

गोलावर मात्र त्या थांबायच्या. “ते आत आहेत ना, सर. त्यांना जाऊ दे आधी.” पहिल्या दिवशी मास्तर हसले. दुसऱ्या दिवशी वैतागले. तिसऱ्या दिवशी मागे बसलेल्या दोन विद्यार्थ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “अहो बाई, गाडी चालवायला आलाय की पाहुण्यांना पंगतीत वाढायला? आधी तुम्ही, आधी तुम्ही!” मागचे दोघे खिदळले. बाईही हसल्या, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन. चौथ्या दिवसापासून त्या नाक घालायला लागल्या.

आता यातली एक गोष्ट फक्त मास्तरांना ठाऊक होती. बाई नाक घालायच्या तेव्हा मास्तरांचा बूट डावीकडच्या ब्रेकवर टेकलेला असायचा. समोरची मोठी गाडी थांबणार नाही असं दिसलं की ते हळूच दाबायचे. बाईंचा पाय तेव्हा ॲक्सिलरेटरवर, सगळं लक्ष रस्त्यावर. शेजारचं पेडल खाली गेलेलं त्यांना कळायचंही नाही. त्यांना वाटायचं, आपण नाक घातलं आणि समोरच्याने वाट दिली. वीस वर्षांची सफाई होती ती. अशाने शिकणाऱ्याची भीड चेपते, असं मास्तर म्हणत. बाईंची चेपली.

लायसन्स मिळाल्यावर एकोणिसाव्या दिवशी बाई स्वतःची गाडी घेऊन गोलाशी आल्या. आतून पाण्याचा टँकर फिरत येत होता. बाईंनी नाक घातलं. डावीकडे कोणी नव्हतं.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने मास्तरांना बोलावून विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मी त्यांना थांबायलाच शिकवलं होतं. पण बाई जरा घाईच्या होत्या.” कोणी जबरदस्ती केली नव्हती. तोंडातून सरळ, न अडखळता निघालं ते. बाईंचे यजमान शेजारीच उभे होते. औषधांच्या दुकानात काम करणारा साधा माणूस. त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. “तुम्ही तुमचं काम केलंत. तिनेच ऐकलं नाही.” मास्तरांनी तो हात सोडवून घेतला नाही. त्यानंतर दोन वर्षं त्या स्पर्शाची आठवण झाली की ते असतील तिथे त्यांची मान खाली जायची.

आणि आता मुलगी. तीन आठवडे मास्तरांनी तिला मैदानावर फिरवलं, सरळ रस्त्यावर फिरवलं, चढावर थांबवलं, उलटी गाडी घ्यायला लावली. गोलाच्या वाटेला गेले नाहीत.

“सर, गोल कधी?” शेवटी तिनेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. ओल्या मातीचा आणि जळक्या डिझेलचा वास काचेच्या फटीतून आत येत होता. गोलातलं कारंजं दिसत नव्हतं, नुसते दिवे तेवढे पिवळट डागांसारखे फिरताना दिसत होते. मुलीने गाडी तोंडाशी आणली, आणि मास्तरांची जीभ सवयीने वळली.

“हं. घाल नाक.”

मुलीने त्यांच्याकडे चमकून पाहिलं, पण सर म्हणतात म्हणून क्लच सोडला. गाडी हातभर पुढे गेली आणि गचका बसून उभी राहिली.

“ब्रेक कशाला दाबलास?”

“मी नाही दाबला, सर... तुम्ही दाबलात ना?”

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतलेले होते. तिचा बूट ॲक्सिलरेटरवर होता. आणि दोघांच्या पुढची ब्रेकची पेडलं तळाला टेकली होती. समोरून दुधाचा ट्रक धडधडत गेला. मग पेडल सावकाश वर आलं.

“दांडा अडकला असेल,” मास्तर म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही.

पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. गोलाच्या तोंडाशी गाडी यायची आणि रुतून बसायची, मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय मास्तर, उभं राहायचा क्लास काढलात काय? फी तीच की कमी?” टॅक्सीवाले फिदीफिदी हसले. बावीस वर्षांत मास्तरांवर गोलात हसायची कोणाची टाप नव्हती. ते गाडीत अंग चोरून बसले.

त्या दिवशी मुलीला सोडून ते एकटेच गॅरेजकडे निघाले. एकटे, म्हणून उजवीकडे बसले होते. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. गोलाशी आल्यावर त्यांच्या बुटाशेजारचं ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं. त्यांनी डावीकडे पाहिलं. सीट रिकामी होती. सीटपुढचं पेडल दाबलेलं होतं आणि तसंच दाबलेलं राहिलं. आणि इंजिनच्या घरघरीखालून दुसरा एक आवाज येत होता... मॅटवरून... टक टक... टक टक...

मास्तर दार उघडून पळाले असते, पण पाय उचलेनात. भीती होतीच, नाही असं नाही. पण भीतीहून वाईट होती ती ओळख. हा आवाज कोणाचा हे त्यांना विचारावं लागलं नाही, आणि तो कशासाठी आलाय तेही.

गॅरेजच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडीखाली शिरून सगळं पाहिलं. “दांडे ठणठणीत आहेत, मास्तर. यात काही खोट नाही.”

“काका, मग डावीकडची पेडलंच काढून टाका.”

“आणि शिकवणार कसे? उद्या पोरीने गाडी घातली कुठे तर?”

“दोन दिवसांचा प्रश्न आहे. काढा.”

काकांनी पुटपुटत पेडलं काढली, दांड्यांसकट. मास्तरांनी ती गोणपाटात गुंडाळून डिकीत टाकली. आता डावीकडे जमिनीला नुसती दोन भोकं राहिली होती. दाबायला काही नाहीच, तर दाबणार काय, असा त्यांचा हिशेब.

दुसऱ्या सकाळी धुकं आणखी दाट. मुलीने गाडी गोलाच्या तोंडाशी आणली आणि थांबवली. स्वतःच थांबवली.

“सर, एक विचारू?” ती समोर बघत म्हणाली. “तुम्ही मला रोज नाक घाल म्हणता. आणि आईला थांबायला शिकवलं होतं म्हणता. आमच्या घरी कोणी जरा घाई केली की बाबा म्हणतात, आईसारखं करू नकोस. दोन वर्षं ऐकतेय मी. मला एकच सांगा, इथे, या जागी, आईला तुम्ही काय सांगायचात? तेच मला सांगा. मी तसंच करते.”

तिने पहिला गिअर टाकला. मास्तरांचा उजवा पाय आपसूक पुढे सरकला आणि बुटाखाली काहीच लागलं नाही. धुक्यात उजवीकडून काहीतरी मोठं, जड येत होतं. काचा थरथरायला लागल्या होत्या. ‘थांब’ म्हणावं तर दोन वर्षांचं खोटं आणखी पक्कं होणार होतं. ‘घाल’ म्हणावं तर ते खरं होतं, पण ती घालणार होती.

“थांब,” मास्तर म्हणाले. “थांब, बाळ. जाऊ दे त्याला आधी.”

एक लांबलचक ट्रेलर समोरून गेला. जाता जाता संपेचना. मागे हॉर्न सुरू झाले होते. त्या हॉर्नच्या गोंगाटातच मास्तरांनी सांगून टाकलं. पाहुण्यांना वाढण्याची थट्टा, बुटाखालचा ब्रेक, अधिकाऱ्यापुढचं वाक्य. तिच्याकडे बघायचं धाडस नव्हतं, म्हणून जमिनीतल्या त्या दोन भोकांकडे बघत सांगितलं.

मुलीने गाडी न्यूट्रलला टाकली.

“आई घरी येऊन सांगायची,” ती म्हणाली. “आज केवढा मोठा ट्रक थांबला माझ्यासाठी! रोज सांगायची. जेवताना हात पसरून दाखवायची, एवढा मोठा. तिला किती भारी वाटायचं, सर.”

मास्तरांनी तोंड ओंजळीत झाकलं. जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्यांना झालं.

“बाबा संध्याकाळी घरी असतात,” ती म्हणाली. “तुम्ही येऊन सांगा. मी नाही सांगणार. मी सांगितलं तर तुम्ही सुटाल.”

संध्याकाळी मास्तर निघाले. निघताना मनाची तयारी होती. शर्ट बदलला, वाक्यं जुळवली. पण माणसाचं मन मोठं लबाड. गोलाला पोचेपर्यंत त्यांना उद्याचं दिसायला लागलं होतं: बसचा ड्रायव्हर, टॅक्सीवाले, दारावरची शिकवणीची पाटी, आणि ते दोन हात. आज नको. पोरीला समजलंय, तेवढं पुरे. तिच्या घराकडे तिसरा रस्ता जातो. मास्तर गोलात शिरले, पहिला रस्ता गेला, दुसरा गेला, तिसरा आला. त्यांनी इंडिकेटर दिला नाही. गोलाची हीच तर सोय आहे, माणूस पुरता फिरून आल्या वाटेने परत जाऊ शकतो. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. इतक्या जोरात की मास्तरांची छाती स्टिअरिंगवर आदळली. आणि त्याच क्षणी चौथ्या रस्त्यावरून, दिवे नसलेला एक टँकर न थांबता, न बघता गोलात घुसला आणि त्यांच्या बॉनेटपुढून वीतभर अंतराने निघून गेला. पाण्याचे थेंब काचेवर उडाले.

त्यांच्या बुटाशेजारचं ब्रेकचं पेडल तळाला होतं. डावीकडे मात्र काहीच नव्हतं. दोन भोकं, बस्स. मागे डिकीत, गोणपाटातलं लोखंड हलत होतं... टक टक... टक टक...

मास्तर हमसून हमसून रडले. पळून जात होतो मी, तेव्हासुद्धा बाईंनी वाचवलं... एवढंच पुन्हा पुन्हा त्यांच्या मनात येत होतं. त्या बाईंसाठी डावीकडे कोणी नव्हतं. पेडल सुटल्यावर त्यांनी गोलाला आणखी एक फेरी घातली आणि तिसरा रस्ता धरला.

यजमानांनी दार उघडलं. “या ना मास्तर, आत या.” मास्तर आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. ऐकता ऐकता यजमानांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला.

“दोन वर्षं मी तिच्यावर रागावलोय,” ते म्हणाले. “रोज. ती गेली त्याचं दुःखसुद्धा नीट केलं नाही मी, रागापायी. आणि तुमचा... तुमचा हात धरला होता मी.”

“हो.”

यजमानांनी शिवी दिली नाही, दार लावलं नाही. ते वळून आत गेले. खोलीच्या कोपऱ्यात चादर घालून ठेवलेलं शिलाई मशीन होतं. त्यांनी चादर ओढून काढली आणि स्टुलावर बसून राहिले.

मुलगी मास्तरांना गाडीपर्यंत सोडायला आली. अंधारून आलं होतं. तिने मोबाइलचा दिवा लावला, त्याचा उजेड गाडीत टाकला, आणि तिथेच थांबली.

“सर, तुमच्याबरोबर कोण आलंय?”

“कोणी नाही. एकटाच आलोय.”

दिवा तिने तसाच धरून ठेवला. डावीकडची सीट पार पुढे सरकलेली होती, शेवटच्या खाचेपर्यंत, बुटक्या माणसाला लागेल इतकी. मास्तरांनी दार उघडून सीटखालचा खटका ओढला, मग खांदा लावून सीट मागे रेटली. ती तसूभरही हलली नाही. गंज तोच होता, तितकाच घट्ट. सकाळी साडेसहाची बॅच होती आणि त्या जागेत मास्तरांचे पाय मावणार नव्हते.

मुलगी आत निघून गेली. जाताना तिने दिवा सीटखाली एकदा फिरवला होता आणि झटकन बंद केला होता. काय दिसलं ते मास्तरांनी विचारलं नाही.

ते उजवीकडे बसले. गाडी सुरू केली. पहिला गिअर टाकला आणि क्लचवर पाय ठेवून तसेच बसून राहिले. बावीस वर्षांत कधी कोणाला विचारलं नव्हतं.

“निघू?” त्यांनी डावीकडे न बघता विचारलं.

मॅटवर कोणीतरी हलकेच टाच टेकवली.